शिक्षा नेमकी कोणाला?

लांब मारणाऱ्यांना वेसण घालायची तर फेअरवे अरुंद करा, कडेचं गवत वाढवा, असं गोल्फमधले जाणकार आजही सांगतात. मला हे साफ नामंजूर आहे. २०२० ची यूएस ओपन आठवा. विंग्ड फूटवर ब्रायसन डीशाँबोला ५६ पैकी जेमतेम २३ फेअरवे सापडले, तरी गडी सहा फटक्यांनी जिंकला! कारण पट्टा इतका चिंचोळा, की सरळ मारणारेही गवतातच जात होते. पण ब्रायसनचा चेंडू ग्रीनजवळच्या गवतात. वेजने उचलून टाकायचा, झालं. बाकीचे कितीतरी मागे, त्याच दाट गवतात लांब आयर्न घेऊन झगडणारे. अचूक मारणाऱ्याला चेंडू ठेवायला आधी जागा तरी द्या. मग वाढवा गवत हवं तेवढं.