लाइट गेली की आत्याचा फोनही जातो

मंडळी, थोडं लांब लिहितोय, पण गावी म्हातारी माणसं असतील तर वाचाच.

माझी आत्या दापोली तालुक्यातल्या एका वाडीत एकटी राहते. वय 78. मोबाइल आहे, पण रेंज हवी तर घाटी चढून सड्यावर जायचं. म्हणून घरचा फोन हाच आधार. गेल्या वर्षी तांब्याची तार जाऊन फायबर आलं. फोन तोच, नंबर तोच, फक्त फोनची वायर आता राउटरच्या डब्यातून निघते. आम्ही सगळे खूश. गणपतीत वायफाय मिळणार ना!

यंदा जुलैत एका रात्री लाइट गेली आणि आत्या न्हाणीघरात घसरली. मनगट मोडलं. कशीबशी ओटीवर आली, फोन उचलला, तर डेड. पहाटे दूध घालायला आलेल्या पोराने बघितलं तेव्हा कुठे शेजारी जमले. रात्रभर बाई खांबाला टेकून बसली होती.

मी दोन दिवसांनी पोचलो. लाइट आलेली, वायफाय झकास, आणि फोन तरीही डेड! म्हणजे भानगडी दोन होत्या.

आधी डब्याचे दिवे बघितले. लाइनचा दिवा हिरवा, लाल काही नाही, म्हणजे बाहेरची फायबर ठीक. फोनच्या पोर्टचा दिवा मात्र बंद. आत्याचा सेट शेजारी नेऊन लावला, तिथे व्यवस्थित टोन आला. त्यांची वायर आणून आमच्या डब्याला लावली, तरी तेच. मग चौकशी केल्यावर कळलं की मे महिन्यात सुट्टीला आलेल्या पोरांनी वायफाय अडकतंय म्हणून टाचणीने रिसेटचं बटण दाबलं होतं. कंपनीचा माणूस आला, इंटरनेटचा पासवर्ड भरला, वायफाय चालू झालं, तक्रार बंद. पण फायबरवर तुमचा आवाजही डेटा होऊनच जातो आणि त्याची सेटिंग डब्यात वेगळी भरावी लागते. ती कुणी भरलीच नाही. फोन मेपासून मुका! आम्ही लावायचो, लागायचा नाही, ‘पावसाने लाइन गेली असेल’ म्हणायचो आणि शेजारी फोन करून खुशाली विचारायचो. आमचीही चूक आहे, लपवत नाही.

पण ही सेटिंग नीट असती तरी त्या रात्री फोन लागला नसताच. आणि खरा मुद्दा हाच आहे.

आठवतंय का, लोडशेडिंगच्या दिवसांत घरात मिट्ट काळोख असायचा आणि फोन मात्र वाजायचा? कारण जुन्या फोनला घरची वीज लागतच नव्हती. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांचे 48 व्होल्ट त्याच तारेतून घरी यायचे. फायबर म्हणजे काच, तिच्यातून वीज येत नाही. डब्याला घरचा प्लग लागतो. लाइट गेली की डबा बंद, डबा बंद की फोन बंद. ही गोष्ट आत्याला कनेक्शन बदलताना कुणी सांगितली? कुणीच नाही. सही तेवढी घेतली.

तांब्याची तार फार भारी होती असं माझं म्हणणं नाही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात पोलांबरोबर त्याही तुटल्या. पण साध्या पावसाळी रात्री, दोन तास लाइट गेली तर फोन चालायचा. आपल्याकडे अशा रात्री किती असतात हे मी सांगायला नको.

दुसरीकडे याचा विचार झालाय. ब्रिटनमध्ये घरच्या फोनवरच अवलंबून असणाऱ्यांना, लाइट गेल्यावर किमान एक तास आपत्कालीन नंबर लागेल अशी सोय कंपनीने फुकट द्यावी, असं तिथल्या नियामकाने सांगितलंय. अमेरिकेत 2015 मध्ये, ग्राहकाला बॅटरीचा पर्याय द्या आणि धोका स्पष्ट सांगा, असा नियम केला. आपल्याकडे निदान ज्येष्ठांच्या घरी डब्यासोबत बॅटरी द्या. फॉर्मवर मराठीत ठळक लिहा की लाइट गेली की फोन बंद पडेल. आणि फोनचा टोन ऐकल्याशिवाय तक्रार बंद करू नका. यात जगावेगळं काय आहे?

अजून तांब्याची तार असेल आणि ब्रॉडबँड घेतल्यापासून फोनवर खरखर येत असेल, तर राउटर पूर्ण काढून फोन थेट लाइनला लावा. खरखर गेली तर दोष घरात आहे, बहुतेक तो छोटा स्प्लिटर खराब किंवा उलटा लावलेला असतो. दुसऱ्या खोलीतला पॅरलल फोनही स्प्लिटरच्या फोन पोर्टमधूनच घ्यायचा, हे वायरमनही विसरतात. थेट लावूनही खरखर राहिली तर दोष बाहेरचा. मग ‘तुमचा राउटर बदला’ म्हणणाऱ्याला सोडू नका.

आत्याच्या डब्याला मी राउटरचा छोटा यूपीएस लावून आलोय. हजार-दीड हजारात मिळतो, तीन-चार तास निघतात. ज्याला परवडत नाही त्याने काय करायचं?

आज रात्री मेन स्विच बंद करून घरचा फोन उचलून बघा. टोन येतो की नाही, ते गावाच्या नावासह खाली लिहा. ती यादी घेऊन मी पुढच्या सोमवारी एक्स्चेंजला जाणार आहे.