गोळी हवीच, पण डाळ-तांदूळही हवेत

क्षयरोगाचे २०२५ सालापर्यंत देशातून उच्चाटन करण्याची घोषणा केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये मोठ्या गाजावाजाने केली होती. ती मुदत उलटून गेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१५ ते २०२४ या काळात भारतातील नव्या क्षयरुग्णांचे लोकसंख्येशी असलेले प्रमाण सुमारे २१ टक्क्यांनी घटले. ही घट खरी आहे व ती नाकारण्याचे कारण नाही. परंतु २०२४ मध्येही जगातील दर चार नव्या क्षयरुग्णांपैकी एक भारतीय होता. रोगाचे कारण ठाऊक आहे, औषधे ठाऊक आहेत, ती मोफत देण्याची व्यवस्था आहे. मग रोग हटत का नाही?

रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली क्षयाचा जंतू दाखवून दिला, तेव्हाच हा रोग म्हणजे पूर्वजन्मीचे पाप अथवा घराण्याचा शाप नव्हे हे सिद्ध झाले. फुफ्फुसाचा क्षय झालेला रोगी खोकतो, बोलतो, तेव्हा जंतू हवेत मिसळतात व कोंदट खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. ताटवाटीतून वा कपड्यांतून हा रोग पसरत नाही. म्हणून रोग्याला वाळीत टाकणे हे क्रौर्य तर आहेच, शिवाय निरर्थकही आहे. मात्र जंतू शरीरात शिरला म्हणजे रोग जडलाच असे नाही. संसर्ग झालेल्या शंभरांपैकी साधारण पाच ते दहा जणांनाच आयुष्यात केव्हातरी प्रत्यक्ष रोग होतो. इतरांचे शरीर जंतूला दाबून ठेवते. ही ताकद कशाने खचते? अर्धपोटी राहण्याने, मधुमेहाने, एचआयव्हीच्या संसर्गाने, तंबाखू व दारूने, दगडखाणीतील धुळीने. आपल्या देशात या कारणांमध्ये कुपोषणाचा वाटा सर्वांत मोठा आहे.

या संदर्भात मद्रासचा इतिहास उद्बोधक आहे. १९५६ साली तेथे स्थापन झालेल्या संशोधन केंद्राने गरीब क्षयरोग्यांचे दोन गट केले. एका गटाला आरोग्यधामात ठेवून औषधांबरोबर विश्रांती व सकस आहार दिला. दुसऱ्याला घरीच औषधे दिली. वर्षभराच्या उपचारानंतर दोन्ही गटांत जवळजवळ सारखाच गुण आला. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने जगभरची उपचारपद्धती बदलली आणि खाटेसाठी ताटकळणाऱ्या गरिबांना घरी उपचार मिळण्याचा मार्ग खुला झाला. हे श्रेय निर्विवाद आहे. परंतु औषध असले की अन्नाची चिंता नको, असा सोयीचा अर्थही त्यातून काढला गेला. वस्तुतः तो प्रयोग रोग्याला बरे करण्याविषयीचा होता. घरातील इतरांच्या पोटात पुरेसे अन्न गेले तर त्यांचा रोग टळेल काय, हा प्रश्न त्यात विचारलाच गेला नव्हता.

त्याचे उत्तर झारखंडने दिले. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या राज्यातील चार जिल्ह्यांत २,८०० रोग्यांच्या घरांतील दहा हजारांहून अधिक व्यक्तींचा अभ्यास केला. मद्रास केंद्राचा वारसा चालवणारी चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थाही या कामात सहभागी होती. शिधा सर्वच रोग्यांना दिला. एका गटात मात्र घरच्या माणसांनाही दरमहा माणशी ५ किलो तांदूळ व दीड किलो डाळ दिली. २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरच्यांनाही शिधा मिळालेल्या गटात नव्या क्षयरोगाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी, तर इतरांना लागण करू शकणाऱ्या फुफ्फुसक्षयाचे ४८ टक्क्यांनी कमी आढळले. हेच काम एखाद्या नव्या लसीने केले असते तर तिचा केवढा डंका पिटला गेला असता! डाळ-तांदळाचे पेटंट मात्र कोणाला घेता येत नाही.

सरकार रोग्याला २०१८ पासून पोषणासाठी दरमहा ५०० रुपये देत असे. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. ही वाढ स्वागतार्ह आहे. परंतु घरच्या माणसांच्या शिध्याचा भार 'नि-क्षय मित्र' म्हणवणाऱ्या दात्यांवर टाकण्यात आला आहे. दात्याचा हात आखडला की शिधा थांबणार. औषधांच्या बाबतीतही हयगय झालीच. मार्च २०२४ मध्ये तुटवडा पडल्यावर केंद्राने राज्यांना औषधे स्थानिक पातळीवर खरेदी करण्यास सांगितले. खंड पडलेला उपचार औषधांना दाद न देणारा क्षय जन्माला घालतो, हे आरोग्य खात्याला नव्याने सांगण्याची गरज नसावी.

अन्नाची जी कथा तीच हवेची. मुंबईत मानखुर्द-गोवंडी भागात झोपडपट्टीवासीयांना पुनर्वसनाची पक्की घरे मिळाली. पण काही वसाहतींतील इमारती इतक्या खेटून उभ्या केल्या की खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोहोचत नाही. तेथील क्षयाचा या रचनेशी संबंध असल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने दाखवून दिले.

तेव्हा मागण्या स्पष्ट आहेत. रोग्याच्या घरातील प्रत्येकाला उपचारकाळात रेशन दुकानातून डाळीसह वाढीव शिधा हक्काने मिळावा. बुडणाऱ्या मजुरीची भरपाई व्हावी. औषधांचा पुरवठा अखंड राहावा. पुनर्वसनाच्या इमारतींत ऊन-वाऱ्याला जागा ठेवावी. कामगार, शेतमजूर व महिला संघटनांनी या मागण्या हाती घेतल्या पाहिजेत. वस्तीत कोणाचा खोकला दोन आठवडे थांबला नाही तर कार्यकर्त्याने त्याला तपासणीस न्यावेच. त्याच वेळी त्याच्या घरातील डाळीच्या डब्यात काय उरले आहे याचीही चौकशी करावी.