मतदारयादी कोण वाचणार?

निवडणूक हरलेल्या पक्षाच्या घरात काय चालले आहे हे पाहावयाचे असेल, तर आज त्याच्या कचेरीत जाण्याचे कारण उरलेले नाही. कचेरीला बहुधा कुलूपच असते. पक्ष भेटतो तो भ्रमणध्वनीच्या पडद्यावर. आघाडी ठेवावी की मोडावी, धर्माचे नाव घ्यावे की टाळावे, जुन्या पुढाऱ्यांना घरी बसवावे की पुन्हा घोड्यावर, यावर तेथे रात्री दोन-दोन वाजेपर्यंत खडाजंगी चालते. ज्याने जन्मात सभासदत्वाची एक पावती फाडली नाही, तोही सबंध देशाची व्यूहरचना अर्ध्या घटकेत सांगून मोकळा होतो!

आम्ही वादाचे वैरी नाही. ज्या पक्षात वाद नाही, तो पक्ष नव्हे, दरबार होय. १९२२ साली गयेच्या काँग्रेसमध्ये कौन्सिलप्रवेशावरून फेरवादी आणि नाफेरवादी यांच्यात जो सामना झाला, तो काही लुटुपुटीचा नव्हता. चित्तरंजन दासांसारख्या अध्यक्षाला त्यात हार खावी लागली आणि त्यातूनच स्वराज्य पक्ष जन्मास आला. परंतु हा वाद घालणारी माणसे कोण होती? १९२० च्या नागपूर अधिवेशनाने चार आण्यांचे सभासदत्व गावोगाव नेण्याचे ठरविले आणि १९२१ मध्ये बेझवाड्याने एक कोट सभासद, एक कोट रुपये आणि वीस लाख चरखे असा आकडाच समोर ठेवला. टिळक स्वराज्य फंडाचे कोट रुपये जमले. सभासद मात्र निम्म्याच्या आसपास झाले. ते उणे राहिले हेही सर्वांना कळले, कारण मोजण्यासाठी पावतीपुस्तके होती. गयेला एकमेकांवर तुटून पडलेल्यांपैकी कित्येक नुकतेच तुरुंगातून सुटून आले होते. त्यांच्या मतभेदाला वजन आले ते त्यामुळे.

घरचाच दाखला घ्या. १९५६ च्या फेब्रुवारीत स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्ट, प्रजासमाजवादी, शेतकरी कामगार पक्ष आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन असे एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष एकत्र नांदले. त्यांच्यात काय थोडी भांडणे होती? तरी ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंडित नेहरू प्रतापगडावर शिवपुतळ्याच्या अनावरणास आले, तेव्हा समितीने हजारो माणसे शिस्तीने, शांततेने उभी करून दाखविली. अशी माणसे पत्रके काढून उभी राहत नसतात. चाळींतून, गिरणीच्या खात्यांतून, गावच्या पारांवरून ती कोणीतरी आधी बांधलेली असावी लागतात. १९६० साली राज्य मिळाले, घटक पक्षांनी आपापली वाट धरली, पुढे काय हा काथ्याकूट सुरू झाला. आणि १९६२ मध्ये २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसने खिशात घातल्या.

आता २०२४ साल पाहा. लोकसभेत महाविकास आघाडीने ४८ पैकी ३० जागा जिंकल्या. परंतु मुंबई वायव्य मतदारसंघात दोन्ही उमेदवारांना साडेचार लाखांवर मते पडून निकाल लागला तो अवघ्या ४८ मतांनी! गिरगावातल्या एखाद्या चाळीच्या एका मजल्यावर याहून अधिक मतदार निघतील. पुढे पाचच महिन्यांनी विधानसभेत आघाडीच्या तीन प्रमुख पक्षांना मिळून पन्नाशीदेखील गाठता आली नाही. या पराभवाची मीमांसा करणारे लेख आम्ही पुष्कळ वाचले. आमच्या मतदान केंद्रावर दिवसभर आमचा माणूस बसला होता काय, हा प्रश्न मात्र त्यांत क्वचितच आढळला. समोरच्या भारतीय जनता पक्षाने मतदारयादीच्या एकेका पानाला एकेक 'पन्नाप्रमुख' नेमण्याची रीत पाडली आहे. तिची थट्टा करणे सोपे आहे. ते पान घेऊन जिने चढणे अवघड आहे.

बिहारचा अनुभव तर झणझणीत आहे. १ ऑगस्ट २०२५ रोजी तेथील मतदारयादीचा मसुदा निघाला आणि सुमारे ६५ लक्ष नावे त्यातून गळली. देशभर गदारोळ उठला, आणि तो उठावयासच हवा होता. पण २२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयात काय दिसले? बारा पक्षांचे केंद्रनिहाय प्रतिनिधी दीड लक्षाहून अधिक, आणि पक्षांमार्फत दाखल झालेल्या हरकती अवघ्या दोन! न्यायालयाने आश्चर्य व्यक्त केले नसते तरच नवल. आमच्या माणसांचे अर्ज स्वीकारत नाहीत, पोच देत नाहीत, ही पक्षांची तक्रार होती, आणि पोच देण्याचा हुकूम न्यायालयाने दिलाही. सरकारी यंत्रणेचा दोष झाकण्याची आम्हांस हौस नाही. तथापि दीड लक्ष माणसे जर खरोखर घरोघर फिरली असती, तर अर्ज नाकारल्याच्या तक्रारींचाच ढीग त्या न्यायालयापुढे पडला असता. जिचे नाव गळले ती विधवा, किंवा परमुलखात मजुरीस गेलेला तो गडी, यांना त्या सबंध महिन्यात कोणत्या पक्षाचा माणूस भेटला?

कायद्याने पक्षांच्या हाती काहीच ठेवलेले नाही असेही नव्हे. मतदानाच्या दिवशी सकाळी प्रतिनिधींसमक्ष यंत्रावर निदान पन्नास मतांची चाचणी व्हावी लागते. मतदान संपताच किती मते पडली याचा हिशेब नमुना '१७-क' मध्ये लिहून त्याची साक्षांकित प्रत हजर असलेल्या प्रतिनिधीस द्यावी, असे १९६१ चे नियम सांगतात. हेच आकडे जाहीर करावेत ही मागणी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. मागणी रास्त होती. मग ज्या पक्षांनी तिचा पुकारा केला, त्यांनी आपल्या हाती आलेल्या प्रती एकत्र करून छापावयास कोणाची ना होती? प्रती आल्याच नसतील, तर प्रतिनिधी चार वाजताच घरी गेला असे समजावयाचे काय?

पैसा नाही, माणसे घाबरतात, फुटतात, विकत घेतली जातात, असे उत्तर मिळेल. त्यात तथ्य आहे. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे वर्षानुवर्षे निवडणूकच न झाल्याने वॉर्डातला कार्यकर्ता उपाशी राहिला, विस्कटला, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. परंतु ती वर्षे मतदारयादीचे वाचन करण्यास मोकळीच होती. नाव नोंदविण्याचा नमुना ६, हरकतीचा ७, दुरुस्तीचा ८. त्यांना ना पैसा लागतो, ना पुढाऱ्याची चिठ्ठी. भ्रमणध्वनीचाही येथे उत्तम उपयोग आहे: गळालेल्या नावांच्या याद्या त्यावरून फिरवा, भांडणे नंतर होतील.

व्यूहरचनेवर लिहिणाऱ्या सर्व पक्षांतील विद्वानांकडे आमचे एकच मागणे आहे. आपल्या प्रभागातील प्रत्येक मतदान केंद्राचा क्रमांक आणि त्यापुढे तेथे बसणाऱ्या आपल्या माणसाचे नाव, अशी यादी त्यांनी जाहीर करावी. ती छापण्यास आमचे रकाने मोकळे आहेत. जेथे नाव नसेल, तेथे आम्ही जागा कोरी सोडू.