तिसऱ्या दिवसाची नोंद

फलनानंतरचे पहिले दोन दिवस मानवी भ्रूण जे काही करते ते बहुतांशी स्त्रीबीजाने बांधून दिलेल्या शिदोरीवर करते, हे प्रत्येक भ्रूणतज्ज्ञ शिकलेला असतो. परंतु दुसऱ्या दिवशी इन्क्युबेटरमधून डिश काढून चार सारख्या पेशी, स्वच्छ पेशीद्रव आणि नावापुरतेच तुकडे दिसले की ‘उत्तम भ्रूण’ असा शेरा लिहिताना नेमका याच गोष्टीचा विसर पडतो. त्या वेळी डोळ्यांना दिसते ती मुख्यतः स्त्रीबीजाची तयारी असते. भ्रूणाच्या स्वतःच्या जनुकांचा मोठा सहभाग अजून सुरू व्हायचा असतो.

स्त्रीबीजाची वाढ पूर्ण झाली की त्यातील प्रतिलेखन, म्हणजे डीएनएवरील मजकुराची संदेशवाहक आरएनएमध्ये नक्कल होण्याची क्रिया, जवळजवळ थांबते. पुढचे परिपक्वन, फलन आणि पहिली विभाजने साठवलेल्या संदेशांवर चालतात, आणि कोणता संदेश केव्हा प्रथिनात उतरवायचा हे पुष्कळ अंशी त्याच्या टोकाशी असलेली ॲडेनीनची शेपटी लांबवून वा आखडून ठरते. सुमारे ०.१ मिलिमीटर व्यासाची ती पेशी या काळात वाढत नाही, केवळ वाटली जाते. जुने संदेश वेळेवर नष्ट होणे हेही तितकेच आवश्यक असते: शेपट्या आखडवून संदेशांचा निकाल लावणाऱ्या यंत्रणेतील बीटीजी४ हे जनुक दोन्ही प्रतींत सदोष असलेल्या काही स्त्रियांची बीजे फलित होतात, पण युग्मनजाचे पहिले विभाजनच होत नाही, असे २०२० साली दाखवले गेले.

भ्रूणाची स्वतःची जनुके केव्हा कामाला लागतात, या प्रश्नाचे मानवापुरते पहिले ठोस उत्तर १९८८ साली पीटर ब्रॉड, व्हर्जिनिया बोल्टन आणि स्टीफन मूर यांनी ‘नेचर’मध्ये दिले. त्यांनी वापरलेले अल्फा-ॲमॅनिटिन हे एका विषारी अळंबीतील द्रव्य संदेशवाहक आरएनए घडवणारे विकर अडवते. ते असतानाही भ्रूणाची विभाजने चार पेशींपर्यंत होत राहिली. त्यापुढच्या वाटचालीला मात्र त्याचा अडथळा झाला. चार ते आठ पेशींच्या दरम्यान सूत्रे मातेच्या साठ्याकडून भ्रूणाकडे जातात, हा निष्कर्ष त्यातून निघाला. उंदरात हा बदल दोन पेशींच्या अवस्थेतच होतो, त्यामुळे उंदरावरून मानवाचे वेळापत्रक बांधता येत नाही.

पुढे एकेका पेशीतील आरएनए वाचण्याची तंत्रे आली आणि चित्र अधिक गुंतागुंतीचे झाले. चार पेशींच्या सुमारास अल्पकाळ प्रकट होणारे डक्स४ हे जनुक पुढच्या अनेक जनुकांना जागवते, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या कामांतून पुढे आले; हेच जनुक प्रौढ स्नायूत अवेळी जागे झाले तर चेहरा व खांद्याच्या स्नायूंचा आनुवंशिक क्षय होतो, यावरून त्याचे वेळेवर निजणे किती मोलाचे आहे ते कळते. २०२२ साली बाथ विद्यापीठातील अँथनी पेरी यांच्या गटाने, शेकडो जनुकांची अभिव्यक्ती अल्प प्रमाणात का होईना, एकपेशीय अवस्थेतच सुरू होते, असे दाखवले. तिसऱ्या दिवशी, चार ते आठ पेशींच्या दरम्यान, येणारी जनुक-सक्रियतेची मोठी लाट त्यामुळे खोटी ठरत नाही, पण आधीचे तास ‘निष्क्रिय’ समजण्याची सवय सोडावी लागते.

व्यवहाराच्या दृष्टीने याचा अर्थ स्पष्ट आहे. शुक्राणूने आणलेल्या जनुकांची खरी कसोटी तिसऱ्या दिवसापासून पुढे लागते. म्हणून पहिले दोन दिवस देखणे दिसलेले भ्रूण नंतर अडखळले, तर पितृपक्षाकडील कारणाचाही विचार व्हायला हवा. गुणसूत्रांच्या वाटणीतील चुकाही याच सुमारास भोवतात. असे असताना समुपदेशनाच्या खोलीत ‘बीजाची प्रत चांगली नव्हती’ एवढ्या एका वाक्यावर विषय संपवला जातो, आणि ते वाक्य घरी पोहोचेपर्यंत ‘दोष बाईचा’ असे होते. ही चूक शास्त्राची नसून सांगणाऱ्याची आहे, आणि ती अक्षम्य आहे.

उपाय खर्चिक नाही. भ्रूणांच्या मूल्यांकनाविषयी २०११ साली प्रसिद्ध झालेल्या इस्तंबूल सहमतीने दुसऱ्या दिवसाचे निरीक्षण स्त्रीबीज व शुक्राणू एकत्र आणल्यानंतर ४४ तासांनी आणि तिसऱ्या दिवसाचे ६८ तासांनी, एका तासाच्या फरकाने, करावे असे ठरवले होते. तेव्हा अनुक्रमे चार आणि आठ पेशी अपेक्षित असतात. तरीही रुग्णाच्या हाती पडणाऱ्या कागदावर पुष्कळदा ‘वाढ थांबली’ एवढेच असते. भ्रूण कितव्या तासाला, किती पेशींवर थांबले आणि त्याच उपचारचक्रातील इतर भ्रूणे त्या वेळी कुठे होती, हे तीन तपशील त्या कागदावर असले, तर दोन पेशींवर थांबलेले भ्रूण आणि आठ पेशींवर थांबलेले भ्रूण यांची कारणे वेगळी शोधता येतील, आणि पुढच्या चक्राच्या वेळी दुसऱ्या केंद्रातील चिकित्सकालाही कोऱ्या पानावरून सुरुवात करावी लागणार नाही.