दुखऱ्या सांध्याचा दावा

देवळाली प्रवरेहून एका वाचकभगिनीचें पत्र आलें आहे. पत्र लांब असून त्यांतील मजकूर घरगुती आहे, म्हणून तें जसेंच्या तसें छापीत नाहीं. परंतु त्यांत विचारलेला प्रश्न आज पुष्कळ घरांतून दबल्या आवाजांत विचारला जात असतो, सबब या महिन्याचें हें सदर आम्ही त्यालाच देत आहों.

हकीकत थोडक्यांत अशी. बाईंच्या सासूबाईंचे दोनही गुडघे झिजलेले. एका मोठ्या शहरांतील खासगी रुग्णालयांत त्यांचा उजवा गुडघा बदलण्यांत आला, त्या गोष्टीस आतां सतरा महिने झाले. दीड-दोन महिन्यांत हिंडूंफिरूं लागाल, असें सांगण्यांत आलें होतें. त्या चालतात, परंतु पाऊल बाहेरच्या बाजूस पडतें, रात्रीं ठणका लागतो, आणि ओट्याच्या तीन पायऱ्या उतरावयास अजून कोणाचा तरी हात धरावा लागतो. दुसऱ्या एका अस्थितज्ज्ञांनीं क्ष-किरण चित्र पाहून "सांधा तिरका बसला आहे, पुन्हां शस्त्रक्रिया करावी लागेल," असें तोंडीं सांगितलें; लिहून मात्र दिलें नाहीं. पहिल्या खर्चांतच घरची ठेव संपली. सुनेचें म्हणणें, भरपाई मागावी. मामंजी निवृत्त शिक्षक. त्यांचें म्हणणें, ज्या हातांनीं आपल्या माणसाला बरें करण्याचा प्रयत्न केला त्या हातांवर दावा लावणें आपल्या घरास शोभत नाहीं, आणि शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये हें कांहीं उगीच म्हटलेलें नाहीं. सासूबाई स्वतः कांहींच बोलत नाहींत. त्यांना पूर्वीसारखें पाटावर बसून जेवावयाचें आहे, एवढेंच.

मामंजींचा संकोच आम्ही हलका लेखीत नाहीं. वैद्याला देवाच्या जागीं मानणाऱ्या घरांत जो वाढला, त्याला असें वाटणारच. पण त्यांनीं एक जुना खटला समजून घ्यावा अशी आमची विनंति आहे. कारण त्यांतील वादी त्यांच्यासारख्याच घरांतले होते, आणि त्यांतील वडील तर स्वतः डॉक्टर होते.

१९५३ च्या मे महिन्याची ६ तारीख. रत्नागिरी जिल्ह्यांतील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका तरुणाला अपघात होऊन त्याच्या डाव्या मांडीचें हाड मोडलें. तेथील डॉक्टरांनीं पाय फळ्यांनीं बांधून ठेविला व पुण्यास नेण्याचा सल्ला दिला. मध्यरात्रीनंतर टॅक्सीनें निघून, सुमारें दोनशें मैलांचा रस्ता काटून, ९ तारखेस दुपारीं साडेअकराच्या सुमारास आई मुलाला घेऊन पुण्यास पोंचली. दौंडला वैद्यकी करणारे वडील तेथें आधींच येऊन थांबले होते. दुपारीं मुलाला एका अस्थितज्ज्ञाच्या रुग्णालयांत दाखल केलें. साडेपांचाच्या सुमारास पाय प्लास्टरमध्यें घालून त्याला खोलींत आणलें. गुंगी सातपर्यंत उतरेल, या आश्वासनावर वडील दौंडला परतले. साडेसहाच्या सुमारास आईच्या लक्षांत आलें कीं, मुलाला श्वास घेतां येत नाहीं. रात्रीं नऊ वाजतां तो गेला.

हाडांतील चरबी रक्तांत शिरल्यामुळें मृत्यु आला, असा दाखला डॉक्टरांनीं दिला. आईबापांनीं दिवाणी दावा लाविला. भूल न देतां, तीन माणसांकडून पाय जोरानें ओढवून हाड जुळविण्यांत आलें आणि त्या धक्क्यानें मुलगा दगावला, असा निष्कर्ष खालच्या न्यायालयानें काढला. उच्च न्यायालयानें तो उचलून धरला. आणि २ मे १९६८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्यावर शिक्कामोर्तब केलें. "लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले" या नांवानें तो निकाल आजही वैद्यकीय हयगयीच्या वादांत आधारास घेतला जातो. रुग्ण हातीं घ्यावा कीं नाहीं हें ठरवितांना, कोणता उपचार करावा हें ठरवितांना, आणि तो प्रत्यक्ष करतांना, अशा तीनही वेळीं डॉक्टरावर सावधगिरीचें कर्तव्य आहे, असें त्यांत सांगितलें आहे. अलौकिक कौशल्य कोणी मागत नाहीं. पण वाजवी काळजी मागण्याचा हक्क रुग्णाला आहे.

आणि भरपाई किती मिळाली? तीन हजार रुपये. मुलगा गेल्यापासून अखेरच्या निकालापर्यंत पंधरा वर्षें लोटलीं होतीं. तीन हजारांच्या लोभानें कोणी पंधरा वर्षें न्यायालयांत उभा राहत नाहीं. त्या दुपारीं शस्त्रक्रियागृहांत काय घडलें, हें कोणीतरी शपथेवर सांगावें, एवढेंच त्या आईबापांना हवें असावें, असें आम्हांस वाटतें. किराण्याच्या यादींत दोन रुपयांचा फरक निघाला तरी आपण वाण्याला हिशेब विचारतों, आणि त्यामुळें वाण्याशीं असलेला घरोबा तुटत नाहीं. आपल्या माणसाच्या शरीराचा हिशेब विचारण्यांत कृतघ्नता कोठून आली?

हें झालें मामंजींस. आतां सूनबाईंस दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत, आणि त्या तितक्या गोड नाहींत.

पाय दुखतो म्हणजे हयगय झाली, असें कायदा मानीत नाहीं, आणि मानूंही नये. उत्तम हातांनीं बदललेल्या गुडघ्यांतही जंतुसंसर्ग होऊं शकतो, सांधा सैल होऊं शकतो, ताठरपणा राहूं शकतो. शस्त्रक्रियेनंतर समाधानी नसणाऱ्यांचें प्रमाण पांचांत एक असें तज्ज्ञांकडून पुष्कळदां सांगितलें जातें. पाटावर मांडी घालून बसणें तर, सारें कांहीं यथास्थित झालें असतांही, बहुतेक डॉक्टर करूं देत नाहींत. तेव्हां त्या एका गोष्टीचें दुःख दाव्यांत घालूं नये. २००५ सालीं जेकब मॅथ्यू प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट केलें कीं, निर्णय चुकला किंवा परिणाम वाईट झाला एवढ्यानें डॉक्टर दोषी ठरत नाहीं. त्या विद्येंतील साधारण जाणकारानें जें केलें असतें तें त्यानें केलें कीं नाहीं, हें पाहावयाचें. म्हणून प्रश्न असा विचारावा: सांधा तिरका बसला तो किती अंशांनीं? तेवढा फरक सामान्यतः क्षम्य मानला जातो काय? शस्त्रक्रियेनंतर लागलीच काढलेल्या चित्रांत तो दिसत होता काय, आणि दिसत असेल तर रुग्णाला तें सांगितलें काय? संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वीं धोके समजावून दिले होते काय? हा शेवटचा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाहीं. संमति ही माहिती देऊन घेतलेलीच असली पाहिजे, असें २००८ सालीं समीरा कोहली प्रकरणांत ठरलें आहे.

या प्रश्नांचीं उत्तरें शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे नाहींत, कागदांत आहेत. दुसऱ्या डॉक्टरांनीं तोंडीं सांगितलेलें मत न्यायालयांत वाऱ्यावर जाईल. त्यांच्याकडून तें लिहून घ्यावें. ते देत नसतील, आणि पुष्कळ देत नाहींत, कारण आपल्याच व्यवसायबंधूविरुद्ध लेखणी उचलणें कोणासही जड जातें, तर तिसऱ्या, त्या शहराबाहेरच्या तज्ज्ञाकडे जावें, आणि कंबरेपासून घोट्यापर्यंतच्या संपूर्ण पायाचें उभ्यानें घेतलेलें चित्र सोबत न्यावें. पहिल्या रुग्णालयाकडे सर्व केसपेपर, शस्त्रक्रियेची टिपणी, भूलतज्ज्ञाची नोंद, संमतिपत्र व बिलें यांच्या प्रती लेखी अर्जानें मागाव्या आणि अर्जाची पोंच घ्यावी. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणें अशा प्रती ७२ तासांच्या आंत द्यावयाच्या असतात, आणि आंतररुग्णांचीं कागदपत्रें उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षेंच जपून ठेवण्याचें बंधन आहे. सतरा महिने गेले आहेत, हें येथें लक्षांत घ्यावें.

मुदतीचा प्रश्न याहूनही कडक आहे. ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें तक्रारीचें कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत तक्रार दाखल झाली पाहिजे. उशीर झाल्यास सबळ कारण दाखवावें लागतें. गोव्याच्या सरकारी रुग्णालयांतील एका परिचारिकेवर १९९३ सालीं मुंबईंत पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. पोटांत राहिलेला कापसाच्या जाळीचा तुकडा २००२ सालीं दुसऱ्या शस्त्रक्रियेंत निघाला, आणि तिनें २००४ सालीं तक्रार केली. दोष उशिरां कळला तर मुदत कळल्या दिवसापासून मोजतां येते, हें तत्त्व सर्वोच्च न्यायालयानें मान्य केलें. परंतु नऊ वर्षें दुखत असतां, आणि स्वतः परिचारिका असतां, तिनें मूळ डॉक्टरांना एकदांही विचारलें नाहीं, म्हणून २०१० सालीं तिची तक्रार मुदतबाह्य ठरली. निकाल कठोर वाटतो, आम्हांलाही वाटतो. पण "आणखी थोडें थांबून पाहूं" असें म्हणण्याची जी आपल्या घरांतून रीत आहे, तिची किंमत त्यावरून कळते. देवळालीच्या बाईंना सात महिने उरले आहेत, आणि त्यांतले दोन-तीन कागद जमविण्यांतच जातील.

दावा कोठें लावावा हें त्या मानानें सोपें आहे. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखालीं येते, हें १९९५ सालीं व्ही. पी. शांता प्रकरणांत ठरून गेलें. २०२० पासून अमलांत आलेल्या नव्या कायद्यानें तक्रारदार जेथें राहतो तेथेंही तक्रार करण्याची सोय दिली; म्हणजे रुग्णालय कोणत्याही शहरांत असो, सासूबाईंची तक्रार अहिल्यानगरच्या जिल्हा आयोगापुढें चालूं शकेल. उपचारासाठीं दिलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असल्यास जिल्हा आयोगाचा अधिकार चालतो, आणि ती पांच लाखांच्या आंत असल्यास दाखल करण्यास फी नाहीं. वकील सक्तीचा नाहीं. परंतु गुडघ्याच्या अंशांचा वाद वकिलाशिवाय लढविणें शहाणपणाचें होणार नाहीं. तीन ते पांच महिन्यांत निकाल द्यावा असें कायदा म्हणतो. प्रत्यक्षांत वर्षें लागतात, हें आम्ही कां लपवावें?

आतांपर्यंत आपण डॉक्टरांच्या हाताविषयीं बोललों. पण सांधाच मुळांत सदोष असला तर? बाईंनीं हें विचारलेलें नाहीं; तरी सांगणें अवश्य आहे, कारण या देशांत असें घडून गेलें आहे. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीच्या डेप्यू या शाखेचा एएसआर नांवाचा खुब्याचा कृत्रिम सांधा, धातूवर धातू घासणारा, अनेकांच्या शरीरांत लवकर निकामी होऊं लागला आणि कोबाल्ट व क्रोमियमचे कण रक्तांत उतरूं लागले. ऑस्ट्रेलियांत तो २००९ च्या अखेरीस बंद झाला; ऑगस्ट २०१० मध्यें कंपनीनें तो जगभरांतून परत बोलाविला. तोंपर्यंत भारतांत सुमारें ४,७०० शस्त्रक्रिया होऊन गेल्या होत्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानें चौकशी करून प्रकरण पोलिसांपर्यंत नेलें. अमेरिकेंतील सुमारें ८,००० रुग्णांसाठीं २०१३ सालीं कंपनीनें अडीच अब्ज डॉलरांची तडजोड केली. आपल्याकडे चौकशी समितीच २०१७ सालीं नेमली गेली. डॉ. अरुण अग्रवाल यांच्या त्या समितीनें किमान वीस लाख रुपये द्यावे असें सुचविलें, आणि २०१८ च्या अखेरीस सरकारनें तीस लाखांपासून सव्वा कोटीच्या जवळपासपर्यंतचें सूत्र ठरविलें. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयांत गेली. २०१९ सालीं दुसरी शस्त्रक्रिया करावी लागलेल्या व पडताळणी झालेल्या ६७ रुग्णांना प्रत्येकीं पंचवीस लाख देण्यास ती तयार झाली.

४,७०० शस्त्रक्रियांपुढें ६७ रुग्ण, हा आंकडा वाचून मन खिन्न होतें. बाकीचे कोठें गेले? बहुसंख्य रुग्णांचा पत्ताच लागला नाहीं. आपल्या शरीरांत कोणत्या कंपनीचा, कोणत्या खेपेचा सांधा आहे, हें दाखविणारा कागद कित्येकांजवळ असेल, पण त्याचें महत्त्व त्यांना कोणी सांगितलेलें नव्हतें. सांध्याच्या डब्यावर एक चिकटपट्टी असते. तिच्यावर उत्पादकाचें नांव, माप व खेपेचा क्रमांक असतो. ती केसपेपरवर चिकटविलेली असावी. ऑगस्ट २०१७ मध्यें केंद्रीय औषध किंमत प्राधिकरणानें गुडघ्याच्या सांध्यांच्या किंमतींवर मर्यादा घातली (साध्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्यास ५४,७२० रुपये व वर कर), तेव्हां हा तपशील रुग्णालयाच्या बिलांतही स्वतंत्रपणें यावा असें बंधन घातलें. सूनबाईंनीं पहिल्यांदा ही पट्टी शोधावी. ती न सांपडल्यास रुग्णालयाकडे तिची लेखी मागणी करावी. दोष वस्तूंत निघाला तर नव्या कायद्याखालीं उत्पादकालाही पक्षकार करतां येतें.

किती मागावें, असें बाई विचारतात. पहिला खर्च, दुसऱ्या शस्त्रक्रियेचा अंदाजी खर्च, ये-जा, घरांत ठेवावी लागलेली बाई, आणि सोसलेल्या वेदना, यांची निरनिराळी मांडणी करून पावत्यांसह मागावें. वर्तमानपत्रांत कोट्यवधींचे आंकडे येतात, त्यांकडे पाहून आंकडा फुगवूं नये. आयोगापुढें त्यानें खऱ्या दुःखाचेंही वजन कमी होतें.

राहिली दुसरी शस्त्रक्रिया. दाव्याच्या निकालाची वाट पाहत ती लांबणीवर टाकूं नये. सासूबाईंचें वय वाट पाहण्याचें नाहीं. मात्र ती करण्यापूर्वीं सर्व चित्रें व तपासण्या नव्यानें करून त्यांच्या प्रती घ्याव्या, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांस आंत काय आढळलें तें टिपणींत सविस्तर लिहिण्याची विनंति करावी, आणि काढलेला सांधा फेंकून न देतां, निर्जंतुक करून, मोहोरबंद करून आपल्या स्वाधीन करावा, असें पत्र भरती होण्याच्या दिवशींच देऊन त्याची पोंच घ्यावी.