गोळीसोबत रक्ततपासणीही हवी

‘अंगात रक्त नाही’ ही तक्रार बुलडाणा जिल्ह्यातल्या कोणत्याही आरोग्य केंद्रात इतकी नित्याची आहे, की ती मन लावून ऐकतो कोण? राज्यातल्या 15 ते 49 वयोगटातल्या 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याची नोंद पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आहे. या गर्दीत एचआयव्हीबाधित बाईचीही लोहाच्या गोळ्यांवर बोळवण होते. तिच्या बाबतीत कारण कदाचित तिच्याच औषधाच्या डबीत असते.

1 एप्रिल 2004 रोजी सरकारने एचआयव्हीवरची मोफत औषधोपचार पद्धती (एआरटी) सुरू केली. तिच्यातले झिडोव्हुडिन हे औषध अनेकांना तारून गेले, यात वाद नाही. पण त्याने अस्थिमज्जेचे काम मंदावते. तांबड्या पेशी कमी आणि आकाराने मोठ्या तयार होतात, काहींच्या पांढऱ्या पेशीही घटतात. बहुधा हे पहिल्या काही महिन्यांत होते, क्वचित उशिरा. इथे लोह उपयोगाचे नाही, औषधच बदलावे लागते. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन व डोल्युटेग्राव्हिर यांची एकत्रित गोळी आल्यापासून हा त्रास बराच ओसरला. तरीही मूत्रपिंडाच्या विकारामुळे टेनोफोव्हिर न चालणाऱ्या किंवा आधीची औषधे निष्प्रभ ठरलेल्या काहींना झिडोव्हुडिन घ्यावेच लागते. शिवाय क्षयरोग, कुपोषण आणि खुद्द विषाणूही रक्त घटवतात. नेमके काय घडते आहे, हे तपासल्याशिवाय डॉक्टरलाही कळत नाही.

संग्रामपूर वा जळगाव जामोदच्या मजुराला औषधासाठी बुलडाण्याची खेप म्हणजे बुडालेली मजुरी. काही महिन्यांच्या गोळ्या एकदम देण्याची सोय म्हणूनच स्वागतार्ह. मात्र खेपा घटल्या की तपासणीही लांबू शकते. जानेवारी 2025 मध्ये शेगाव तालुक्यात लोकांचे केस गळू लागले, तेव्हा आयसीएमआरची पथके गावात आली. हिमोग्लोबिन उतरल्याने टक्कल पडत नाही, त्यामुळे कॅमेरेही येत नाहीत.

एचआयव्ही-एड्सविषयक 2017 च्या कायद्याचे कलम 14 औषधोपचाराबरोबरच एचआयव्ही-एड्सशी निगडित निदान सुविधांबद्दलही बोलते. झिडोव्हुडिन कोणाला चालू आहे, हे एआरटी केंद्राला ठाऊक असतेच. त्यांचे रक्त जवळच्या ग्रामीण रुग्णालयात, आजाराची वाच्यता न होता, दर सहा महिन्यांनी आणि औषध नवे असेल तर त्याहून लवकर तपासले जावे. दम लागणे, चक्कर येणे, सतत थकवा ही लक्षणे समुपदेशकाने रुग्णाला आधीच सांगावीत. आणि हेही बजावावे, की घाबरून गोळ्या परस्पर बंद करायच्या नाहीत. केंद्रात येऊन औषध बदलण्याविषयी डॉक्टरांना विचारायचे.