जर-तरचा शिलालेख

एक छोटीशी क्विझ. अकोल्याच्या जुन्या शहरातला असदगड कुणी बांधला?

सोप्पंय, नावातच उत्तर आहे. असद खान, औरंगजेबाचा वजीर. साल १६९७. दहीहांडा वेशीवरचा शिलालेख तेच सांगतो, फत्ते बुरुजावरच्या लेखातही वजीर म्हणून असद खानाचंच नाव. आता जरा अगरवेशीकडे वळा. तिथल्या लेखाची भाषा मराठी आणि मजकूर भन्नाट: हा किल्ला गोविंद आप्पाजींनी १८४३ साली बांधला!

म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षं आधीपासून उभ्या असलेल्या किल्ल्याला नवा जन्मदाखला, तोही दगडात कोरलेला. त्याने काय फरक पडला? काही नाही. बाकीचे लेख आपापल्या जागी राहिले आणि अकोलेकर आजही किल्ल्याला असदगडच म्हणतात.

हसू येतंय ना? थांबा. रात्री लाइट घालवून आडवं झाल्यावर आपण सगळे हेच तर करतो. बारावीनंतर दुसरी ब्रँच घेतली असती तर... ती नोकरी सोडली नसती तर... तिला तेव्हाच विचारलं असतं तर... झाल्या गोष्टीवर रोज नवा लेख कोरायचा. फक्त हातात छिन्नी-हातोडा नसतो, एवढंच.

माझा एक दोस्त याच जुन्या शहरातला. इंजिनिअरिंग करून पुण्यात आला, हिंजवडीत सेटल झाला. वडील आजारी होते. एका शुक्रवारचं अकोल्याचं तिकीट त्याने काढून ठेवलं होतं. ऐनवेळी प्रोजेक्टचं रिलीज आलं, तिकीट कॅन्सल केलं. म्हणाला, पुढच्या शुक्रवारी जाऊ. रविवारी पहाटे घरून फोन आला.

याला आता चार वर्षं झाली. आणि चार वर्षं हा माणूस त्या एका शुक्रवारी अडकलाय. ‘मॅनेजरला सरळ नाही म्हटलं असतं तर?’ ‘लॅपटॉप घेऊन गाडीत बसलो असतो तर?’ त्याच्या प्रत्येक व्हर्जनमध्ये तो वेळेवर पोचतो आणि बाबांचा हात हातात घेतो. मग अलार्म वाजतो.

मन नेमका तो शुक्रवारच का पकडून बसतं? डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये एक मस्त किस्सा मांडला होता. दोन प्रवासी एकाच गाडीतून एअरपोर्टला निघतात. दोघांची विमानं वेगळी, पण सुटायची वेळ एकच. ट्रॅफिकमध्ये अडकतात आणि अर्धा तास उशिरा पोचतात. एकाला कळतं, तुमचं विमान वेळेवर गेलं. दुसऱ्याला कळतं, तुमचं लेट होतं, आत्ता पाच मिनिटांपूर्वी उडालं. जास्त हळहळ कुणाला वाटेल? ९६ टक्के लोकांनी उत्तर दिलं, दुसऱ्याला.

नुकसान दोघांचं सेम टु सेम. पण पाच मिनिटं मनातल्या मनात वाचवता येतात. अर्धा तास वाचवणं जड जातं. म्हणून थोडक्यात हुकलेलं जास्त छळतं. माझ्या दोस्ताला वडिलांच्या आजाराशी भांडता येत नाही, एका कॅन्सल तिकिटाशी भांडता येतं. म्हणून तो त्याच्याशी भांडत बसतो. तेव्हा मंडळी, एक लक्षात ठेवा. पश्चात्ताप केवढा मोठा वाटतो, यावरून चूक केवढी मोठी होती हे ठरत नाही.

पण खरा लॉस पुढेच आहे. या चार वर्षांत तो अकोल्याला मोजून तीनदा गेला. ‘घरात पाऊल टाकवत नाही यार, बाबांची खाट दिसते,’ म्हणतो. दिवाळीला ऑन-कॉल, गणपतीत डेडलाइन. आणि ज्या घरात त्याला पाऊल टाकवत नाही, त्याच घरात त्याची आई राहते. एकटी. एक शुक्रवार हुकला म्हणून तो रडतोय आणि दरम्यान दोनशेहून जास्त शुक्रवार येऊन गेले.

परवा आई फोनवर म्हणाली, ‘‘तुह्ये बाबा तं गेले रे बाप्पा. आता किती दिवस त्यायचाच इचार करशीन? मी आहो ना अजून. मले भेटाले ये.’’

यापुढे कुठल्याही लाइफ कोचने वेगळं काय सांगायचं?

असदगडाचंच बघा. १८७० च्या सुमारास इंग्रजांनी तो पाडून टाकला. पाडलेला तट काही परत आला नाही. पण १९१० च्या जिल्हा गॅझेटियरात एक नोंद सापडते: किल्ल्याच्या मध्यावरच्या हवाखान्यात शाळा भरत होती. गेलेल्या तटाचं दुःख करायचं तेवढं कुणी केलंही असेल. पण जी जागा उरली होती, तिथे पोरं शिकत होती.

किल्ल्याखालच्या मोर्णेची गोष्ट तर अगदी अलीकडची. १३ जानेवारी २०१८ ला हजारो अकोलेकर नदी साफ करायला जमले. नदीची ही दशा आधी कुणी केली, याचा हिशेब लावत बसले असते तर त्या दिवशी एक टोपलंही भरलं नसतं. अर्थात, जलपर्णी एकदा काढली की विषय संपला, असं नसतं. ती पुन्हा वाढते, पुन्हा काढावी लागते. पश्चात्तापाचंही तेच. ‘आता मी भूतकाळ स्वीकारला’ असं एकदा म्हणून भागत नाही. पुढच्या आठवड्यात तो परत उगवतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, परत काढायचा.

कसा? फंडा सिंपल आहे. ‘गेलो असतो तर’ हे वाक्य मनात आलं की त्याचा ‘तर’ कापा आणि साध्या भूतकाळात म्हणा: ‘मी गेलो नाही. बाबा गेले.’ झोंबतं, मान्य. पण या वाक्याला पूर्णविराम आहे. ‘असतं तर’ला तो कधीच मिळत नाही, म्हणून ती पट्टी रात्रभर चालू राहते. आणि पूर्णविरामानंतर पुढचं वाक्य सुरू करता येतं. माझ्या दोस्ताच्या बाबतीत ते वाक्य आहे: ‘आई आहे.’

तुमचं पुढचं वाक्य वेगळं असेल. एखादा भाऊ असेल, अर्धवट सोडलेला कोर्स असेल, शेजारी झोपलेली बायको असेल, जिच्याशी महिन्याभरात तुम्ही धड बोललेला नाहीत, कारण डोकं दहा वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी संध्याकाळी पार्क करून ठेवलंय.

पुण्याहून अकोल्याला महाराष्ट्र एक्स्प्रेस आजही जाते. त्या जुन्या शुक्रवारचं तिकीट कुठल्याही कोट्यात मिळणार नाही, बॉस. या शुक्रवारचं मिळतं का, ते बघा.